दामाभाऊचा हाक्या

झाडीपट्टीच्या रंगभूमीवर मी जितक्या वेळा मेलो, तितक्या वेळा आमच्या तालुक्यात कोंबडे मेले नसतील. तलवारीने मेलो, विषाने मेलो, सासूच्या शापाने मेलो. एकदा तर माईकच्या वायरचा शॉक लागून खरोखरच अर्धा मेलो, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. माझ्या मिशा पाहून सिंदेवाहीकडची एक म्हैस आटली असं तिचा मालक सांगतो. मी त्याला कधी खोटं पाडलं नाही. पण या मरणांतलं एकही मरण माझ्या अकलेचं नव्हतं. ते सगळं खड्ड्यातून यायचं. मंचाच्या पुढ्यात कमरेएवढा खड्डा खणलेला असतो, त्यात एक माणूस नाटकाची संहिता मांडीवर घेऊन बसतो, तो आधी पुटपुटतो आणि मग मी गर्जतो. आमच्या मंडळीत तो माणूस म्हणजे दामोदर गेडाम, वाकडटोल्याचा. दामाभाऊ.

गेल्या पावसाळ्यात तो गेला. वाकडटोल्याचा माणूस गेला म्हटलं की लोक लगेच विचारतात, "वाघानं?" नाही. तापाने. डोक्यात चढलेल्या तापाने. मागे राहिली एक म्हातारी सासू आणि एक छापील कादंबरी. कादंबरीबद्दल माझं मत विचाराल तर माझी मतं दोन आहेत, आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही.

आधी खड्ड्याचं सांगतो. आमच्याकडे दिवाळीनंतर धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. आज वडश्याजवळ, उद्या मूलकडे, परवा थेट सिरोंच्याच्या वाटेवर. तालीम कोण करणार आणि कधी? नट व्हॅनमध्ये झोपतो, उतरतो, तोंडाला रंग लावतो आणि विचारतो, "आज मी कोणाचा बाप आहे?" मग तो डोळे मिटून प्रॉम्प्टरच्या हवाली होतो. देवावर श्रद्धा नसलेले नट मी पाहिले आहेत. प्रॉम्प्टरवर श्रद्धा नसलेला नट झाडीत दुसऱ्या प्रयोगाला दिसत नाही.

दामाभाऊ खर्रा खायचा. तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला चुरा सतत गालात. एकदा खर्र्याच्या बोटांनी पानं चिकटली आणि माझ्या खुनाचं पान झाकलं गेलं. मी नुकताच मंचावर आलो होतो. खालून आवाज आला, "हाय रे दैवा, माझ्या पापाचं फळ मला मिळालं!" मी म्हटलं आणि कोसळलो. नायिका माझ्या प्रेतावर थुंकली. एवढ्यात दामाभाऊला पान सापडलं. त्याने शांतपणे सांगितलं, "चल पाटला, आज तुझा काटा काढतो." मी उठलो, कपडे झाडले, पाटलाचा खून केला, आणि पुढच्या पानावर पुन्हा मेलो. प्रेक्षकांतून एकही माणूस हूं की चूं बोलला नाही. उलट दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "तुमच्या नाटकात व्हिलन भारी होता गा, मेल्यावरबी ऐकून नाई राह्यला!"

जन्मभर खालून वर पाहिल्यामुळे दामाभाऊची मान कायम उचललेली असायची, जणू समोरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर एक माडी आहे. तोंडांपेक्षा त्याला पाय जास्त ओळखू यायचे. पडद्याआडून नुसती टाच दिसली तरी सांगायचा, "नायिका रुसून राह्यली, आज गाणं कापा." आणि त्याची मुख्य खोड म्हणजे तो माणसाचं वाक्य माणसाच्या आधी म्हणायचा. तलाठी तोंड उघडायचा, "उद्या या, आज..." आणि दामाभाऊ हळूच पुरवायचा, "...साहेब दौऱ्यावर आहेत." तलाठीही मान हलवून तेच म्हणायचा. कमाल म्हणजे चिडायचं कोणी नाही. त्याचा आवाजच तसा होता, तुमच्याच मनातून आल्यासारखा. त्याची बायको शेवंता तेवढी त्याला दाद द्यायची नाही. तो "आज भाजीत..." म्हणाला की ती म्हणायची, "मीठ कमी हाये, मले ठाऊक हाये, चूप जेवा." तिच्यापुढे त्याचं काही चालत नसे, आणि तो आम्हाला हे छाती काढून सांगायचा.

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. शेवटचा प्रयोग सिरोंच्याकडे झाला आणि आम्ही व्हॅनमध्ये एकमेकांवर रेलून परतत होतो. वाकडटोल्याच्या फाट्यावर सकाळी दामाभाऊला उतरवायला थांबलो तर सरपंच उभा. त्याच्या मागे वनखात्याचे दोन गार्ड. सरपंच पुढे आला.

"दामाभाऊ, वहिनी..." म्हणाला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

दामाभाऊने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. मग खड्ड्यातल्या त्या आवाजात, अगदी हळू म्हणाला, "मोहं वेचाले गेली होती."

"मोहं वेचाले गेली होती," सरपंच म्हणाला.

"वाघानं नेली."

"वाघानं नेली," सरपंच म्हणाला, आणि रडायला लागला.

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, ही मारायला मला कोणी सोनं दिलं तरी मारली नसती. व्हॅनमध्ये आम्ही सगळे रंग न पुसलेले राजे, पाटील आणि विदूषक तसेच बसून राहिलो.

मोहाची फुलं पहाटेपासून गळतात. बायका उजाडता उजाडता झाडाखाली जातात आणि वाकून एकेक फूल वेचतात. वाकलेली बाई वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटते, असं गार्ड सांगत होता. शेवंताबरोबर शेजारची रुक्मा होती. ती दुसऱ्या झाडाखाली वेचत होती. तिने फक्त पाला वाजल्याचं ऐकलं. पंचनाम्याच्या वेळी चादर अंगभर होती, एक पाय तेवढा बाहेर राहिला होता. गार्डने चादर उचलायला हात घातला. दामाभाऊने त्याचा हात धरला. म्हणाला, "नोका. ओळखलं."

त्यानंतर त्याने खड्डा सोडला. मंडळीचा मालक दोनदा घरी जाऊन आला. दामाभाऊ म्हणाला, "आता मी लिहून राह्यलो."

लिहीत होता सुपरहिरोची कादंबरी! मी हसलो. तुम्हीही हसला असता. मंडळीचा हंगाम संपला की मी ऊर्जानगरच्या थर्मल वीजकेंद्राच्या कामगार बसवर ड्रायव्हर असतो. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल हाणत वाकडटोल्याला जायचो. समाजमंदिराच्या ओसरीत दुपारच्या उन्हात वाचन चालायचं. ऐकायला दामाभाऊची सासू चंद्रभागाबाई, भिंतीला टेकून, डोळे मिटलेले. रुक्मा, मांडीवर लहानी पोरगी. सरपंच आणि येणारेजाणारे.

हिरोचं नाव हाक्या. तो नाटकाच्या खड्ड्यात बसलेला असताना त्याच्यावर वीज पडते, आणि तेव्हापासून तो जे पुटपुटेल ते झाडीतल्या हव्या त्या माणसाच्या कानात उमटतं. मात्र खड्ड्यातून उठला की शक्ती गेली.

"म्हंजे हा उडत नाई का?" सरपंचाने विचारलं.

"नाई."

"मारते तरी?"

"नाई."

"मंग करते काय?"

"सांगते."

"सांगणारे आपल्या गावात काय कमी हायेत का बाप्पा!" सरपंच म्हणाला, आणि ओसरी हसली. दामाभाऊही हसला.

आता माझं पहिलं मत. ही कादंबरी म्हणजे तेरा भाज्यांची एक भाजी. सुरुवातीला विज्ञान, थर्मलच्या चिमण्या आणि विजेचे लोळ. मग एक गुप्तहेर येतो, तो चोरीला गेलेली मूर्ती शोधता शोधता प्रेमात पडतो. मग तलावात एक भूत निघतं, तेही इंजिनियरिंग शिकलेलं. मग कोर्ट. मग दोन विनोदी नोकर, ज्यांचा कोणाशी काही संबंध नाही. आणि दर प्रकरणात एक गाणं, चालीसकट! मी त्याला म्हटलं, "दामाभाऊ, पुस्तक एक कायचं तरी ठेव. हेराचं ठेव नाईतर भुताचं ठेव."

तो म्हणाला, "व्हिलनभाऊ, माणूस सतरंजी घेऊन येते, रातभर थंडीत बसते. त्याले हासू पाहिजे, रडू पाहिजे, मारामारीबी पाहिजे. एकच देऊन त्याले घरी कसं पाठवू?"

"अरे, पण वाचणारा सतरंजी घेऊन बसत नाई!"

"मंग त्याचंच चुकते," दामाभाऊ म्हणाला.

आणि आता दुसरं मत. त्या खिचडीत मधूनच एखादं प्रकरण असं यायचं की माझ्यासारख्या दगडाला घाम फुटावा. सूरजागडच्या डोंगरावरून खनिज भरून एक ट्रक निघतो. ड्रायव्हरचे डोळे जड झालेत. त्याच्या कानात हाक्या म्हणतो, "झोप आली तुले. थांब." ड्रायव्हर थांबतो. टपरीवर चहा घेतो. तोंडावर पाणी मारतो. बस. पलीकडच्या वळणावर सायकलवरून शाळेत जाणारी पोरं आहेत, ती घंटी वाजवत निघून जातात, त्यांना काहीच कळत नाही. इतकंच प्रकरण. मी स्टिअरिंगवर आयुष्य काढलेला माणूस. ते ऐकून मी ओसरीच्या मागे जाऊन उगाच मोटरसायकलचा प्लग साफ करत बसलो. दुसऱ्या एका प्रकरणात राजुऱ्याकडच्या खाणीत एका मजुराला हाक्या सांगतो, "दोन पावलं मांगं हो." तो होतो, आणि छत पडतं. धानाच्या बांधीतल्या पोरीला सांगतो, "हात टाकू नोको तिथी." पोरगी हात मागे घेते. साप जातो.

सगळ्यांचा जीव वाचतो. त्या पुस्तकात हाक्या बसल्या जागेवरून कोणालाही मरू देत नाही. आणि झाडीतली कादंबरी असून तीत वाघ नव्हता. सगळ्यांच्या ते लक्षात आलं होतं. बोलायचं कोणी नाही. चंद्रभागाबाई तेवढी दर वाचनाच्या शेवटी डोळे न उघडता विचारायची, "जावई, माह्या पोरीचं कवा?"

"येते, बाई. येते."

"लवकर लिवा. माही नजर गेली, कान जाण्याच्या आधी लिवा."

ते त्याला लिहिता येत नव्हतं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, भुताची तीन प्रकरणं वाढली, विनोदी नोकरांची लग्नं झाली; ते एक प्रकरण होईना. मला एकदा म्हणाला, "एकच वाक्य हाये गा. 'शेवंता, उभी राय.' ती उभी राह्यली का वाघाले माणूस दिसते. एवढंच सांगाचं होतं कोणीतरी. मी व्हॅनमधी झोपून राह्यलो होतो." मी काय बोलणार? माझ्यासाठी खालून कोणी पुटपुटत नव्हतं.

शेवटी माघात निरोप आला, ये. ओसरी भरली होती. दामाभाऊने वाचायला सुरुवात केली. उजाडत होतं. मोहाखाली शेवंता वाकून फुलं वेचत होती. तिची टोपली, तिची गाठ मारलेली साडी, गुणगुणताना एक ओळ दोनदा म्हणायची तिची सवय, सगळं तसंच. गाणं नव्हतं, नोकर नव्हते, भूत नव्हतं. दामाभाऊ इतकं साधं लिहू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. पाला वाजतो. आणि कानात आवाज येतो, "शेवंता, उभी राय." ती आधी म्हणते, "चूप बसा." ओसरीत कोणीतरी हुंदका दिला. मग ती कंबरेवर हात देऊन उभी राहते. वाघ तिच्याकडे पाहतो. तीही पाहते. वाघ वळतो आणि जातो. शेवंता घरी येते, अंगणात मोहं वाळत घालते, चुलीवर भात ठेवते.

दामाभाऊ थांबला. सरपंच उपरण्याने तोंड पुसत होता. मी तर, सांगायला लाज नाही, मेलेल्या नायकाच्या आईसारखा रडत होतो.

चंद्रभागाबाईने डोळे उघडले.

"अन् वाघ?"

"गेला, बाई."

"कुठी गेला?"

"जंगलात."

"उपाशी?"

दामाभाऊने हातातलं पान उलटून पाहिलं.

"उपाशी वाघ घरी नाई जात, जावई. माही पोरगी उभी झाली. मंग त्यानं कोणाले नेलं? त्या दिवशी तं तिथी दोघीच होत्या."

ओसरीतल्या एकानेही मान वळवली नाही, पण सगळ्यांना रुक्मा दिसली. तिची पोरगी मांडीवर झोपली होती. रुक्माने तिच्या तोंडावरची माशी हाकलली. मग म्हणाली, "राहू द्या तसंच, भाऊ. कागदावर मी गेली तं काय होते? वहिनी तं वाचते ना."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. खरोखर मनापासून बोलली. त्यामुळेच ते ऐकवेना.

दामाभाऊने तोंड उघडलं. त्याच्याजवळ पुढचा शब्द नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याने कागद गोळा केले, एकावर एक नीट लावले, आणि चंद्रभागाबाईच्या पायाशी जाऊन बसला. म्हातारीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"चांगलं लिवलं होतं," ती म्हणाली. "काढून टाका."

त्याने काढून टाकलं. त्या जागी जे लिहिलं ते दीड पान आहे, आणि कादंबरी तिथेच संपते. हाक्या खड्ड्यात बसला आहे. बायका टोपल्या घेऊन जंगलाकडे चालल्यात. त्याला ठाऊक आहे की एकीला सांगितलं तर वाघाला दुसरी उरते. मग तो खड्ड्यातून उठतो. शक्ती जाते. कपड्याची माती झाडतो आणि बायकांच्या मागे चालू लागतो. संपलं.

वडश्याला नाटकांची पोस्टरं छापणाऱ्याने ती छापली. मुखपृष्ठावर दंड फुगवलेला, लाल चड्डीतला, आकाशात उडणारा एक गडी. "हा कोण गा?" मी विचारलं. "छापणारा म्हणाला, बसलेला माणूस खपत नाई," दामाभाऊ म्हणाला. पुस्तक घेऊन गेलेल्या लोकांनी येऊन तक्रारी केल्या. हेराचं लग्न लागलं नाही, मूर्ती सापडली का ते कळलं नाही, आणि ताकद घालवून बसलेला सुपरहिरो कुठे असतो काय? मी त्यांच्याच बाजूने भांडलो. शेवट म्हणजे फसवणूक आहे, मी त्याच्या तोंडावर सांगितलं. रात्री घरी येऊन ते दीड पान पुन्हा वाचलं, आणि सकाळी बायकोशी त्याच्या बाजूने भांडलो.

त्याला शेवटचं पाहिलं ते चैत्रात. मी मोटरसायकलवरून वाकडटोल्याला चाललो होतो. ऊन अजून तिरपं होतं. गावाच्या अलीकडे रस्त्यापासून थोडं आत मोहाची झाडं आहेत. आधी आवाज ऐकू आला. मला वाटलं, मीच बोलतोय. तो माझा सूर होता, पाटलाला धमकावतानाचा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. गाडी लावून आत गेलो.

दामाभाऊ एका झाडाला पाठ लावून उभा होता. हातात ती लाल चड्डीवाली कादंबरी. गळ्याच्या शिरा सुतळीसारख्या ताणलेल्या. आजूबाजूला सात-आठ बायका वाकून फुलं वेचत होत्या, रुक्मा त्यांच्यात. तो कोर्टाचा प्रसंग वाचत होता, सगळ्या पुस्तकातला सगळ्यात टुकार. न्यायाधीशाचाही आवाज काढत होता, भुताचाही.

"दामाभाऊ!" मी हाक मारली.

त्याने नुसता तळहात वर केला. वाचन चालूच.

"त्यायले बोलवू नोका, भाऊ," रुक्मा वाकलेलीच म्हणाली. "सकाळपासून ओरडून राह्यले. वाघाले समजलं पाहिजे का इथी माणसं हायेत."

"अन् रोज हेच ऐकता?"

"रोज. आम्हाले आता पाठ झालं," दुसरी म्हणाली. "ते भूत लय बोलते, बाप्पा."

त्याला खोकला आला. एकीने लोटा पुढे केला. तो पाणी प्यायला लागला, आणि जंगलात एकदम शांतता झाली. त्या सगळ्या बायका एकाच वेळी सरळ उभ्या राहिल्या. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. जंगलाकडे पाहत उभ्या होत्या, हातात फुलं तशीच. मीही पाहिलं. पळसाच्या पानांपलीकडे काही दिसत नव्हतं, आणि मी त्या वेळी माझ्या मिशांचा विचार करत नव्हतो.

दामाभाऊने लोटा खाली ठेवला आणि वाचायला लागला. बायका वाकल्या.

आवाज फाटला होता. शेवटचं दीड पान त्याने वाचलं ते गाळ उपसल्यासारखं. हाक्या उठला, शक्ती गेली, बायकांच्या मागे चालू लागला, पुस्तक संपलं. टोपल्या अजून अर्ध्याच होत्या. दामाभाऊने पुस्तक उलटलं, पहिलं पान काढलं, आणि हाक्यावर पुन्हा वीज पाडली.